पहिलं टँडम उड्डाण : टेकडीवरून पळत सुटताना

१. उडी मारावी लागते का?

“पहाडावरून उडी मारा लागते काय भाऊ?” पॅराग्लायडिंगचा विषय निघाला की यवतमाळकडे पहिला प्रश्न हाच येतो. दुसरा असतो, “दोरी तुटली तं?” आणि तिसरा बहुधा घरातली आई विचारते, “एवढ्या दूर जाऊन जीव धोक्यात घालायची हौस कायले?” तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर तर लगेच देता येतं : उडी मारावी लागत नाही, आणि कुणी हौसेनं मारू म्हटलं तर पायलट मारू देत नाही.

हा गैरसमज पॅराशूटमुळे झाला आहे. पॅराशूटवाला विमानातून बाहेर पडतो, काही वेळ सरळ खाली येतो आणि मग त्याची छत्री उघडते. पॅराग्लायडिंगचा क्रम उलटा आहे. पंख आधी जमिनीवर उघडतो, हवा भरून डोक्यावर उभा राहतो, तो नीट उभा आहे हे पायलट मान वर करून बघतो आणि त्यानंतरच पाय जमीन सोडतात. पंख उघडलाच नाही, तर चार पावलं पळून तुम्ही टेकडीवरच थांबता. सगळं सामान गोळा करून पुन्हा रांगेत लागायचं, एवढंच.

दोघांचं नातं मात्र खरंच आहे. १९७८ मध्ये फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातल्या मिएसी या गावी ज्याँ-क्लोद बेतां, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ या तीन पॅराशूटवाल्यांना एक व्यवहारी कल्पना सुचली. सरावासाठी दरवेळी विमानाचं भाडं भरण्यापेक्षा चौकोनी पॅराशूट घेऊन डोंगराच्या उतारावरून पळत का सुटू नये? ते पळाले आणि तरंगत दरीत उतरले. आजच्या पॅराग्लायडिंगची सुरुवात इथून धरतात. पुढे पंख लांब आणि निमुळता झाला, खाली येण्याचा वेग कमी झाला आणि ‘खाली उतरण्याचं साधन’ होतं ते ‘वर राहण्याचं साधन’ बनलं.

टँडम म्हणजे जोडीचं उड्डाण. एकाच पंखाखाली दोघं असतात. पुढे तुम्ही, पाठीमागे तुम्हाला चिकटून पायलट. दोऱ्या त्याच्या हातात, समोरचा देखावा तुमच्या वाट्याला. काहीही शिकून यायची गरज नाही, म्हणून नवख्याचं पहिलं उड्डाण बहुधा टँडमच असतं.

२. कापडाचा पंख ताठ कसा राहतो?

जमिनीवर पसरलेला पंख पहिल्यांदा पाहिला की मन खट्टू होतं. रंगीत कापड आणि बारीक दोऱ्यांचा गुंता, यावर दोन माणसांचा जीव टांगायचा? टँडमच्या पंखाचं क्षेत्रफळ साधारण ४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वाचारशे चौरस फूट असतं. घडी घातली की तो सात-आठ किलोचा होतो आणि पाठीवरच्या पिशवीत मावतो. त्यात बांबू नाही, सळी नाही, कुठलाही ताठ सांगाडा नाही.

ताठपणा येतो हवेमुळे. पंखाला वरचं आणि खालचं असे कापडाचे दोन थर असतात. मध्ये उभे कापडी पडदे शिवून लांबट कप्पे केलेले असतात. कप्प्यांची पुढची बाजू उघडी, मागची बंद. पंख पुढे सरकला की समोरची हवा आत शिरते, मागून वाट नसल्यानं आतच कोंडते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वाढून कापड फुगून राहतं. मधल्या पडद्यांना भोकं असतात, त्यामुळे एका कप्प्यात कमी पडलेली हवा शेजारून येते.

यातून या खेळाचा पहिला नियम निघतो : पंख जिवंत ठेवायचा तर त्याला पुढे जात राहावं लागतं. समोरून हवा येत राहिली पाहिजे. टेकडीवर पायलट “पळा, पळा” म्हणून ओरडतो ते यासाठीच. खडबडीत हवेत कधी पंखाची एक बाजू क्षणभर चुरगळते, हेही मी सांगून ठेवतो. चांगला पंख बहुतेक वेळा स्वतःच पुन्हा उघडतो आणि पायलट ब्रेकच्या दोऱ्या ओढून त्याला मदत करतो. ही कसरत करायला खाली उंची शिल्लक असावी लागते, म्हणून नवख्याला घेऊन खडबडीत हवेत जायचंच नाही, हा शहाणपणा.

आता दोरीचा प्रश्न. दोऱ्या खरोखर बारीक असतात, काही तर सुतळीहूनही. पण त्या साध्या नायलॉनच्या नसतात. ॲरामिड किंवा डायनीमा अशा, वजनाच्या मानानं अफाट ताण सोसणाऱ्या धाग्यांच्या असतात, आणि वजन अनेक दोऱ्यांवर वाटलेलं असतं. युरोपीय मानकानुसार नव्या नमुन्याच्या पंखाची चाचणी घेताना त्याच्यावर कमाल वजनाच्या आठपट भार टाकून पाहतात. साधं गणित करू. पंख दोन माणसं आणि सामान मिळून २०० किलोसाठी बनवला असेल, तर चाचणीत त्याला १,६०० किलो पेलून दाखवावे लागतात. म्हणजे १६ क्विंटल. कापूस मोजणाऱ्या यवतमाळकराला यापुढे काही सांगायला नको. दोरी तुटण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण या खेळात माणसं दगावली ती बहुतेक वेगळ्याच कारणांनी. त्याकडे पुढे येऊच.

३. वावरातली वावटळ आणि मावळातली टेकडी

इंजिन नाही, मग वर कसं राहायचं? आधी वर न राहण्याचा हिशेब पाहू. समजा पंख हवेत ताशी ३६ किलोमीटर वेगानं पुढे जातो, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आणि तेवढ्यात सव्वा मीटर खाली येतो. टेकडी उतरण्याच्या मैदानापेक्षा २०० मीटर उंच आहे. तर २०० भागिले सव्वा, म्हणजे १६० सेकंद. पावणेतीन मिनिटांच्या आत खेळ खलास, आणि तेवढ्यात पुढे गेलात १,६०० मीटर. प्रत्यक्षात लोक त्याच टेकडीवरून दहा-पंधरा मिनिटं, कधी तासभरही उडतात. हा जास्तीचा वेळ हवा देते, आणि तो ती दोन तऱ्हांनी देते.

पहिली तऱ्हा यवतमाळकराच्या रोजच्या पाहण्यातली आहे. एप्रिल-मे महिन्यात वखरून मोकळं पडलेलं काळं वावर दुपारी तापून निघतं. शेजारचं हिरवं रान किंवा तलाव तेवढा तापत नाही. वावरावरची गरम हवा हलकी होऊन वर सुटते, तिच्या जागी आजूबाजूची हवा धावून येते, आणि मातीत पाचोळा, कागद, पऱ्हाटीचा चुरा गरगरत उठतो. ही वावटळ. आपल्याला दिसते ती तिची जमिनीलगतची धुळीची शेपटी, गरम हवेचा खांब त्याच्या कितीतरी वर जातो. त्याला पायलट ‘थर्मल’ म्हणतात. भर दुपारी पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जाणारी घार त्याच खांबात असते. पॅराग्लायडरवालेही घारी कुठे घिरट्या घालतात ते बघून तिकडे वळतात.

दुसरी तऱ्हा डोंगराची. सपाट रानातून येणारा वारा उतारावर आदळला की त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून तो वर चढतो. उतारालगत वर जाणाऱ्या हवेचा एक पट्टाच तयार होतो. समजा ही हवा सेकंदाला दीड मीटर वर चढते आणि तिच्यात पंख सव्वा मीटर खाली येतो. शिल्लक राहिली पाव मीटरची चढती. चार मिनिटांत तुम्ही टेक-ऑफच्याही ६० मीटर वर. पायलट टेकडीच्या कडेनं इकडून तिकडे फेऱ्या का मारत बसतो, याचं उत्तर यात आहे. तो त्या पट्ट्यातून बाहेर पडायला तयार नसतो.

मग यवतमाळ जिल्ह्यात डोंगर कमी आहेत का? अजिंठ्याच्या रांगेचे फाटे जिल्ह्यातून जातात, पुसदकडे तर चौफेर टेकड्या. पण उडायला नुसता डोंगर पुरत नाही. वाऱ्याकडे तोंड केलेला, गवताचा, झाडं नसलेला उतार लागतो. वरपर्यंत सामान नेता येईल अशी वाट लागते. खाली विजेच्या तारा नसलेलं मोकळं मैदान लागतं. आणि रोज त्याच सुमारास, त्याच दिशेनं, बेतानं वाहणारा वारा लागतो. आपल्याकडच्या टेकड्यांवर सागाचं रान आहे. पायथ्याच्या वावरात वाळलेली पऱ्हाटी उभी असली तर तिच्यात दोऱ्या अडकतात. उन्हाळ्यातला वारा तर थर्मलच्या लहरीनं कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं.

हे सगळं जुळून येतं ते पुणे जिल्ह्यात, मावळातल्या कामशेतच्या आसपास. गवताळ, बोडक्या टेकड्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभ्या आहेत, त्यामुळे वारा बदलला की गाडी दुसऱ्या टेकडीकडे वळवता येते. खाली भाताची खाचरं, जी कापणीनंतर मोकळी असतात. म्हणून महाराष्ट्रात पॅराग्लायडिंगच्या शाळा इथेच वाढल्या. पाचगणीलाही टँडम चालतं. यवतमाळच्या पुष्कळ घरांतली मुलं शिकायला किंवा नोकरीला पुण्यात असतात. त्यांना भेटायला जाणाऱ्यांनी एक दिवस जास्तीचा धरावा : पुणे-लोणावळा लोकल कामशेत स्टेशनवर थांबते. हंगाम पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेअखेर, पुढचा पाऊस येण्याआधी, संपतो.

देशात सगळ्यात नावाजलेली जागा हिमाचलमधलं बीड-बिलिंग. तिथला टेक-ऑफ समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर, आणि २०१५ मध्ये पॅराग्लायडिंग विश्वचषकाची स्पर्धा तिथे झाली होती. तिथून दिसणारं हिमशिखर कामशेतला दिसणार नाही. पण पहिल्या उड्डाणाला मला विचाराल तर बेताची टेकडी आणि संध्याकाळचा कंटाळवाणा, एकसारखा वारा सगळ्यात चांगला.

४. टेकडीवर नुसतं बसून राहणं

नवख्याला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे वाट पाहणं. आरक्षण चारचं, तुम्ही साडेतीनला टेकडीवर, आणि पाच वाजले तरी पायलट गवतावर बसून वाऱ्याच्या पिशवीकडे बघतोय. ही पिशवी, म्हणजे विंडसॉक, खांबाला बांधलेली असते. ती वाऱ्याची दिशा आणि जोर दोन्ही सांगते. पायलट मंडळी या बसण्याला गमतीनं ‘पॅरावेटिंग’ म्हणतात. त्यात आळस नसतो. तो काय बघत असतो ते समजून घेतलं की तुमचाही वेळ बरा जाईल.

पंखाचा ताशी ३६ किलोमीटर हा वेग हवेतला आहे. जमिनीवर तुम्ही किती सरकता ते वाऱ्यावर ठरतं. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १६, सायकल चालवल्याएवढा. हाच वारा पाठीमागून आला तर ५६. आणि समोरून ४० चा आला तर? ३६ वजा ४० म्हणजे उणे चार. पंख हवेत पुढेच उडतोय, पण जमिनीच्या हिशेबानं तुम्ही उलटे, टेकडीच्या पाठीमागे ढकलले जाताय. पाठीमागची जागा वाईट. टेकडी ओलांडून गेलेला वारा तिथे गोल फिरतो, उलटापालटा होतो. त्या भागाला ‘रोटर’ म्हणतात आणि तिथे पंख सांभाळणं कठीण. म्हणून वारा जोराचा झाला की उड्डाण बंद.

वारा फार कमी असला तरी अडचण आहेच. दोन माणसांचं वजन उचलायला पंखाला समजा ताशी २५ किलोमीटर वेगाची हवा लागते. समोरून १५ चा वारा असेल तर उरलेले १० तुमच्या पायांनी मिळवायचे. हलकी धाव पुरते. वारा शून्य असेल तर पंचवीसच्या पंचवीस पायांनी. उताराची मदत होते, पण धाव लांबते आणि धडपडण्याची शक्यता वाढते.

थोडक्यात, खिडकी अरुंद असते आणि ती कधी कधी दिवसभर उघडतच नाही. बसचा रात्रभराचा प्रवास करून आलेल्या माणसाला “आज जमणार नाही” ऐकायला जड जातं. तरी माझं स्पष्ट मत आहे की ते ऐकवणाऱ्याकडेच उडावं. पैसे हातचे जात असताना नाही म्हणणारा पायलट हा तुमच्या विम्याहून मोलाचा. हो-हो करत घाई करणारा, वाऱ्याच्या पिशवीकडे न बघणारा, काही समजावून न सांगता पट्टे चढवणारा भेटला तर परत फिरा. विचारायचे प्रश्न सोपे आहेत : टँडमचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? (एकट्यानं उडता येणं आणि माणूस घेऊन उडणं यांत फरक आहे.) रिझर्व्ह पॅराशूट कुठे आहे, दाखवता का? पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का? महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, असं ठरवलं. प्रामाणिक माणूस या प्रश्नांवर रागावत नाही.

५. मांडीचे दोन पट्टे

आता तुम्हाला हार्नेस चढवतात. ही पाठीमागे लोंबणारी एक जाड गादीदार खुर्ची असते. उभं असताना ती ढुंगणाखाली लटकते आणि चालताना गुडघ्यांच्या मागे आपटत राहते, त्यामुळे माणूस जरा बदकचाल चालतो. खांद्यावर दोन पट्टे, छातीवर एक आणि दोन्ही मांड्यांभोवती एकेक. प्रत्येक बकल बसताना ‘खट्’ आवाज होतो. कमरेच्या बाजूंना धातूच्या दोन मोठ्या कड्या, त्यांना कॅराबिनर म्हणतात. त्या पायलटच्या हार्नेसशी आणि पंखापासून येणाऱ्या जाड पट्ट्यांशी, म्हणजे रायझरशी, तुम्हाला जोडतात. कडीचं झाकण बंद होऊन त्याला कुलूप लागतं.

या सगळ्यात जीव सांभाळणारे पट्टे म्हणजे मांडीचे दोन. खुर्चीवर बसलेलं असताना ते नसले तरी काही जाणवत नाही. जमीन सुटली आणि पाय खाली लोंबले की मात्र माणसाला वर धरून ठेवणारं तेच असतं. ते नसतील तर शरीर हार्नेसमधून खाली सरकतं. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात दोभी इथे डिसेंबर २०२२ मध्ये, आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये, टँडमवर गेलेले पर्यटक हवेतून खाली पडून दगावले. पहिला महाराष्ट्रातून गेलेला तरुण होता. अशा बातम्या वाचल्या की लोक म्हणतात, पॅराग्लायडिंगच वाईट. मला वाटतं, यातून घ्यायची गोष्ट फार छोटी आणि करता येण्याजोगी आहे. पायलटनं तपासलं तरी स्वतः हात लावून बघा : डावी मांडी, उजवी मांडी, छाती, दोन्ही कड्या, हेल्मेटचा पट्टा. दहा सेकंदही लागत नाहीत. मधेच फोटोसाठी एखादा पट्टा सोडला असेल, तर पुन्हा पहिल्यापासून.

कपड्यांचं थोडक्यात. पायात घोट्याला आधार देणारे बूट किंवा निदान घट्ट लेसचे. चप्पल, सँडल नको. साडी, मोकळी ओढणी, लांब गमछा नको, कारण तो दोऱ्यांत जातो. खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाइल काढून ठेवा. वर वारा अंगावर येत असतो, म्हणून हिवाळ्यात एक जाकीट. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. तर्रीपोहे हाणून टेक-ऑफवर जाण्याचा बेत असेल तर तो उतरल्यानंतरचा ठेवा. वजनाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. खरं वजन सांगा, कारण पायलट पंख त्यावरून निवडतो. गरोदर बाईनं उडू नये. पाठीची शस्त्रक्रिया, हृदयविकार, फिट्स असं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि पायलटपासून लपवू नका.

६. पळा, पळा, बसू नका!

तुमच्या वाट्याचं खरं काम एवढंच, आणि ते दहा-पंधरा पावलांत संपतं. पण नवखे चुकतात ते नेमके इथे.

पायलट सांगतो, “मी म्हटलं चला, की चालायला लागायचं. पळा म्हटलं की पळायचं. थांबायचं नाही, उडी मारायची नाही, आणि मी सांगेपर्यंत बसायचं नाही.” सगळे मान डोलावतात. मग पाठीमागे कापडाचा मोठा सरसर आवाज होतो. पंख जमिनीवरून उठत असतो आणि उठताना तो दोघांनाही मागे खेचतो. हा ओढा अनपेक्षित असतो. शरीर आपोआप मागे रेलतं, टाचा रोवल्या जातात. इथे उलट करायचं आहे. चिखलात रुतलेली बंडी ढकलताना जसं छाती पुढे टाकून, पायाचे चवडे जमिनीत रोवून जोर लावतो आणि चाक निघेपर्यंत सोडत नाही, तसं पुढे झुकायचं. बंडी निघाली की जोर एकदम हलका होतो, इथेही तसंच होतं. पंख डोक्यावर आला की मागचा ओढा जातो आणि पाय मोकळे धावायला लागतात.

दोन-चार पावलांनी आणखी एक बदल होतो. शरीर हलकं वाटतं, पाऊल पूर्ण टेकत नाही. पंखानं वजन उचलायला सुरुवात केली. आणि नेमक्या याच क्षणी बहुतेक जण पाय वर घेऊन खुर्चीत बसतात. त्यांना वाटतं, उडालो. पंखानं अजून सगळं वजन घेतलेलं नसतं. तुम्ही बसलात की ते त्याच्यावर एकदम पडतं, दोघं पुन्हा खाली टेकतात, आणि तुमच्या वजनासकट पळायची वेळ पायलटवर येते. चुकलंच तर ढुंगण शेकतं, कधी घोटा मुरगळतो. म्हणून पाय हवेत गेले तरी दोन-चार पावलं पळत राहा. हवेत पळताना माणूस वेडा दिसतो. दिसू द्या.

७. वर

टेकडीची कड पायाखालून जाते आणि पोटात गोळा येईल म्हणून तुम्ही डोळे मिटून घेता. गोळा येत नाही. झोक्यावर किंवा आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो तो अचानक खाली पडल्यामुळे. इथे पंख आधीपासून वजन घेऊन चाललेला असतो, त्यामुळे पडण्याची जाणीवच नसते. उलट जमीन तुमच्यापासून दूर जात राहते. पायलट खुर्ची सरकवून “आता आरामात बसा” म्हणतो, आणि तुम्ही खरंच टेकून बसता.

गच्चीच्या कठड्याशी ज्यांना भोवळ येते अशा पुष्कळांना इथे ती येत नाही. कठड्यावरून खाली पाहताना भिंतीची सरळ रेघ डोळ्यांना खालपर्यंत नेते. हवेत तशी रेघच नसते. पण तुमचं असं होईलच असं नाही. भीती वाटली तर पायाखाली न बघता क्षितिजाकडे बघा आणि बोला. पायलट कानामागेच असतो, त्याला सगळं ऐकू येतं.

आवाजही वेगळा. इंजिन नसल्यामुळे फक्त दोऱ्यांमधून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ. खालच्या गावातल्या कुत्र्याचं भुंकणं, रेल्वेचा भोंगा आश्चर्यकारक स्पष्ट वर येतात. मधून मधून पायलटच्या खांद्याजवळ एक छोटं यंत्र ‘पी-पी-पी’ करतं. तो व्हेरिओमीटर. वर चढत असाल तर घाईघाईनं पिपाण्या वाजवतो, खाली येत असाल तर सूर लांबट आणि रडका होतो. वर जातोय की खाली हे उंचावर डोळ्यांना कळत नाही, म्हणून हे यंत्र. थोड्या वेळानं तुम्हीच त्या आवाजाची वाट पाहायला लागाल.

चढत्या हवेत शिरताना खालून हलका धक्का बसतो, बाहेर पडताना जरा खाली ढळल्यासारखं होतं. ते हवेचे खाचखळगे समजा. पायलटनं ब्रेक ओढला की पंख वळतो आणि तुम्ही दोघं लंबकासारखे थोडे बाहेर फेकले जाता. पहिल्या वळणाला हात आपोआप रायझर घट्ट धरतात. धरा, काही बिघडत नाही. ब्रेकच्या दोऱ्या तेवढ्या पकडू नका.

मळमळ मात्र खरी असते आणि तिची फारशी चर्चा होत नाही. टेकडीसमोर दहा-पंधरा मिनिटं इकडून तिकडे फेऱ्या मारताना, त्यातही मोबाइलच्या पडद्यात डोळे घातले, तर एसटीच्या घाटातल्यासारखं व्हायला लागतं. लाजू नका, लगेच सांगा. पायलट फेऱ्या थांबवून सरळ उतरायला घेईल. ‘थोडी कसरत दाखवू का?’ असं त्यानं विचारलं, म्हणजे गरगरत खाली येणारी वळणं, तर पहिल्या वेळी नको म्हणा. तिथे शरीरावरचा भार वाढतो आणि गंमत बहुतेक पायलटच्या वाट्याला जाते.

आणि रिझर्व्ह पॅराशूट? ते हार्नेसमध्ये घडी करून ठेवलेलं असतं. पंख सावरता येणार नाही अशी वेळ आली तर पायलट त्याची मूठ ओढून ते बाहेर फेकतो. ती मूठ कुठली ते जमिनीवरच विचारून ठेवा आणि वर तिला हात लावू नका. ते उघडायला उंची लागते, त्यामुळे जमिनीजवळ त्याचा उपयोग नाही. टेकडीला घासून उडणारा आणि नीट अंतर राखून उडणारा, या दोन पायलटांतला फरक इथे कळतो.

८. उतरणं

उतरताना पायलट मैदानाच्या कडेला वळणं घेत उंची कमी करतो आणि शेवटी वाऱ्याकडे तोंड करतो. सायकलच्या वेगाचा हिशेब आठवा : समोरचा वारा जितका, तितका जमिनीवरचा वेग कमी. म्हणून उतरणं कायम वाऱ्याच्या विरुद्ध. जमीन शेवटच्या काही सेकंदांत भराभर जवळ येते. तोवर सगळं संथ चाललेलं असतं, म्हणून हा भाग घाईचा वाटतो.

पायलट दोनपैकी एक सांगेल. “उभे राहा” म्हटलं, तर खुर्चीतून पुढे सरकून पाय खाली सोडा आणि टेकल्यावर दोन-चार पावलं पळा. “पाय वर” म्हटलं, तर दोन्ही पाय सरळ पुढे उचलून धरा. मग हार्नेसच्या गादीवर बसल्या बसल्या घसरत थांबता येतं. मनानं तिसरं काही करू नका. एक पाय खाली सोडून जमीन चाचपायचा मोह होतो, आणि घोटे त्यातच मोडतात. शेवटच्या क्षणी पायलट दोन्ही ब्रेक पूर्ण ओढतो, पंख हवेत थबकतो आणि तुम्ही टेकता.

टेकल्यावर पंख पाठीमागे कोसळतो. वारा असेल तर तो पुन्हा भरून तुम्हाला मागे ओढू शकतो, म्हणून पायलट पळत जाऊन दोऱ्या गोळा करतो. त्यानं कड्या सोडेपर्यंत हेल्मेट काढू नका, घरी फोन लावू नका. दोऱ्यांवर पाय पडू देऊ नका. आणि मैदानाच्या मधे उभं राहून फोटो काढत बसू नका. वरून दुसरी जोडी उतरत असते, तिला जागा द्या.